छत नसलेली बेडरूम

आमच्या शोरूममध्ये कुणालाही येता येतं. दार काचेचं आहे, आत गार हवा आहे आणि येईल त्याला आम्ही आधी बसायला सांगतो. सोफा विकायचा तर माणसाला त्यावर बसवावंच लागतं. किती वेळ बसला, कशासाठी बसला, हे विचारायची पद्धत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मला ही गोष्ट फार आवडली होती. पुढे तिचीच भीती वाटायला लागली, कारण माझा नवरा तिथे येऊन बसायला लागला.

नवरा म्हणायचं ते आता कागदावरच. त्याचं घर सोडून मी नाशिकरोडला आईवडिलांकडे परत आले होते आणि कोर्टात केस सुरू होती. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी वरच्या मजल्यावर होते. खाली उतरले तर दारासमोरच्या राखाडी सोफ्यावर तो बसलेला. कुणीतरी त्याला पाणी आणून दिलं होतं. मला बघून तो बोलला नाही, हसला नाही, उठलाही नाही. मी एका गिऱ्हाइकाला पडद्याच्या कापडाचे नमुने दाखवत होते. माझी बोटं कापडावर फिरत होती आणि तोंडातून काय बाहेर पडतंय ते मलाच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ग्लास खाली ठेवून तो निघून गेला. पुन्हा आला तेव्हाही तसंच.

ओरडला असता, हात धरला असता, तर कुणाला तरी सांगता आलं असतं. नुसत्या बसलेल्या माणसाबद्दल काय सांगणार? मी घरी बोलले नाही. शोरूममध्ये तर तो माझा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, एकदा मला म्हणाल्या की त्या गृहस्थांच्या मनात तो राखाडी सोफा भरलेला दिसतोय, जरा फोन करून बघ. मी मान डोलावली आणि गोडाऊनमध्ये जाऊन उभी राहिले.

गेल्या हिवाळ्यात मॅडमनी कार्यक्रम ठरवला. नैसर्गिक धाग्यांचे गालिचे नव्याने आले होते. ताग, घायपात, काथ्या, केळीच्या खोडाचा धागा, हाताने कातलेली लोकर. त्यांच्या जोडीला नवं फर्निचर होतं, बारीक पायांच्या खुर्च्या आणि जमिनीलगतचे पलंग. शनिवारी सकाळी लोकांनी यावं, बघावं, हात लावून बघावं, असा बेत होता. गालिच्यांची माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. निमंत्रण व्हॉट्सअॅपवर सगळीकडे गेलं, पेपरात पत्रकं टाकली. पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरात होतं, सर्वांचे स्वागत. छापायला देण्याआधी मी ते तपासलं तेव्हा त्या दोन शब्दांवर माझा पेन थांबला होता.

आदल्या दिवशी जेवताना पप्पा म्हणाले, मीपण येतो उद्या. मला आश्चर्य वाटलं. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. फर्निचर या विषयाशी त्यांचा संबंध म्हणजे आमच्या घरातलं लोखंडी कपाट आणि फोल्डिंगच्या खुर्च्या. मी म्हटलं, तिथे मोठे लोक येतात, गर्दी असते, तुम्हाला कंटाळा येईल. त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे खरोखरच ऐकू आलं नसेल, असंही वाटलं. लहानपणी त्यांचे कान फुटले होते आणि तेव्हापासून त्यांना फार कमी ऐकू येतं. वीज केंद्रात मशीनच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, सगळे हातांनी बोलत, त्यामुळे तिथे पप्पा इतरांच्या बरोबरीने वावरले. त्या खुणा घरीही आल्या. तळहात खाली दाबला म्हणजे थांब, आहेस तिथेच राहा. मूठ वळून छातीशी धरली म्हणजे गप्प, काही करू नकोस. माझी आई वैतागायची, पण मला त्या सगळ्या येत होत्या. कानात घालायचं यंत्र आम्ही आणून दिलं होतं. त्यात वाऱ्यासारखा आवाज येतो म्हणून ते कपाटातच पडून असे. आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे पप्पा बोलायचे ते शेजारच्या बिल्डिंगला कळेल इतक्या मोठ्याने.

शनिवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याआधी तयार होते. आम्ही सिटीबसने निघालो, मध्ये बस बदलली आणि गंगापूर रोडला उतरलो. रस्ता ओलांडताना पप्पा समोरच्या चहाच्या गाडीकडे बघत होते. चहावाल्याने त्यांना हात केला. मला वाटलं, भला माणूस आहे, म्हाताऱ्या माणसाला हात करतो.

कार्यक्रम चांगला सुरू झाला. दाराशी द्राक्षाचा रस, आत छोट्या कोथिंबीरवड्या. गालिचे एकावर एक पसरलेले, काही दांडीवरून खाली सोडलेले. सगळ्या मजल्यावर तागाचा तो कोरडा, गोड वास होता. मी माईक घेऊन बोलायला उभी राहिले आणि बोलता बोलता माझे डोळे सारखे दाराकडे जात होते. दार उघडलं की माझं वाक्य तुटायचं. एकदा निळ्या शर्टातला कुणीतरी आत आला. घायपातीचा दोर कसा निघतो हे सांगत होते ते मी विसरलेच. तो दुसराच कुणीतरी निघाला. मॅडम लांबून डोळ्यांनी विचारत होत्या, काय झालं. मी घोटभर पाणी प्यायले आणि पुढे बोलले.

मध्येच पप्पा एका तागाच्या गालिच्यापाशी वाकले, त्याचं टोक उचलून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हे तर बारदान आहे, विंचूरला आत्याकडे यात कांदे भरतात. लोक हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे काका, तेच ताग, फक्त विणकाम वेगळं. माझे कान तापले. पप्पांना लोक का हसले ते कळलं नाही. तेही हसले.

त्यानंतर लोक आपापले पांगले. एक बाई माझ्याकडे आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. इंदिरानगरला नवा फ्लॅट घेतला होता आणि त्यांना बेडरूम बघायची होती. मी त्यांना वर घेऊन गेले. पप्पाही मागोमाग आले. सकाळपासून ते माझी पाठ सोडत नव्हते. मला थोडा रागच येत होता.

वरच्या मजल्यावर आम्ही बेडरूम उभ्या केल्या आहेत. प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या, प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, दिवा, पायाशी गालिचा. भिंती पुरुषभर उंचीच्या, वर उघड्या. वरून बघितलं तर खेळण्यातलं घर दिसेल. खोल्यांना दारं आहेत, पण दारांना कडी नाही. ती नुसती दाखवायची दारं. मजल्याच्या पार टोकाला मोठी काचेची खिडकी आणि तिच्या बाजूला माल चढवायचा मागचा जिना. खाली हा जिना गोडाऊनमध्ये उतरतो. गोडाऊनचं शटर नाल्याच्या बाजूला उघडतं. नाल्यापलीकडे मोकळे प्लॉट आहेत, बाभळी आहेत आणि त्यापुढे एक मळा अजून तग धरून आहे. त्या दिवशी माल येत-जात होता म्हणून शटर अर्धं वर होतं.

बाई पलंगाची गादी हाताने दाबून बघत होत्या. खाली अचानक गलका झाला. आधी कुणीतरी मोठ्याने काहीतरी ओरडलं, मग खुर्च्या सरकल्याचा, काहीतरी फुटल्याचा, पुष्कळ पावलांचा आवाज. माझ्या मनात एकच गोष्ट आली. तो आला. आज सगळ्यांसमोर काहीतरी करायचं ठरवून तो आला.

मी खोलीच्या दारातून बाहेर डोकावले. मला समोरच्या जिन्याकडे बघायचं होतं, पण नजर गेली उलट्या बाजूला. मागच्या जिन्याच्या तोंडाशी, गुंडाळून उभ्या केलेल्या गालिच्यांच्या मध्ये, तो उभा होता.

गंगापूर रोडच्या लोकांना बिबट्या नवा नाही. दर थंडीत कुणाच्या तरी पार्किंगच्या कॅमेऱ्यात तो दिसतो, मोबाईलवर फिरतो, काही दिवस मुलांना संध्याकाळी खाली सोडत नाहीत, मग सगळे विसरतात. पण मोबाईलमधला बिबट्या बोटभर असतो. हा लांब होता. मला वाटलं असतं त्याहून बुटका आणि फार लांब. त्याचं पोट भात्यासारखं आतबाहेर होत होतं, तोंड उघडं होतं आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता. मग त्याने मान वळवली.

मी मागे आले आणि दार लावलं. कडीसाठी हात गेला आणि हाताला नुसतं गुळगुळीत लाकूड लागलं. मी बाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बिबट्या आहे. बाहेर." त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बांगड्या वाजल्या तशा त्यांनी दुसऱ्या हाताने त्या वर सरकवून घट्ट धरल्या.

पप्पा आमच्या पाठीमागे कपाटाचं दार उघडून बघत होते. त्यांना गलका ऐकू आला नव्हता. ते वळले, माझा चेहरा त्यांनी बघितला आणि त्यांचं तोंड उघडलं. ते आता बोलणार, त्या त्यांच्या मोठ्या आवाजात विचारणार की काय झालं. आयुष्यात मला त्यांच्या आवाजाची कधी भीती वाटली नव्हती. त्या क्षणी वाटली तेवढी बाहेरच्या जनावराचीही वाटली नाही. मी मूठ वळून छातीवर आपटली. गप्प. मग तळहात खाली दाबला. थांबा. आहात तिथेच राहा.

त्यांचं तोंड मिटलं. त्यांनी दाराकडे बोट करून नजरेने विचारलं, बाहेर? मी होकारार्थी मान हलवली. कोण, असं काही त्यांनी विचारलं नाही. बिबट्या कसा सांगायचा ही खूण आम्हाला दोघांनाही येत नव्हती. वीज केंद्रात तिची गरज कधी पडली नसेल. मी हाताने काहीतरी केलं, पंजा, नखं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी पलंगाशेजारचा उभा दिवा उचलला, लोखंडी दांड्याचा, त्याची वायर हळूच ओढून काढली आणि दांडा दोन्ही हातांत धरून ते दारासमोर उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा जबडा थरथरत होता.

मी आणि बाई दाराला पाठ लावून खाली बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कपाट सरकवलं असतं तर आवाज झाला असता. बाहेरून आवाज येऊ लागले. आधी खिडकीच्या काचेवर काहीतरी जड आदळलं. मग खाली पडलं. पुन्हा आदळलं. त्यानंतर चर्र चर्र असा आवाज, ताग फाटताना होतो तसा, पण माणसाच्या हाताने फाटतो त्यापेक्षा खूप जलद. मग काही नाही. ते ‘काही नाही’ सगळ्यात वाईट होतं. आमच्या दाराच्या फटीतून वारा येत होता आणि त्या वाऱ्यात एक वास होता, ओल्या गोणपाटाचा आणि त्यात मिसळलेला काहीतरी उग्र. बाईंचे ओठ हलत होते. माझ्या हातावर त्यांची नखं रुतली होती आणि ते मला बरं वाटत होतं, कारण तेवढी एकच गोष्ट मला नीट कळत होती.

माझा फोन थरथरला. मॅडम होत्या. मी कट करून मेसेज लिहिला. वर आहोत, तिघं, बेडरूममध्ये, दार लावलंय. त्यांचं उत्तर आलं की बाकीचे सगळे बाहेर आहेत, पुढचं दार आणि मागचं शटर बंद केलंय, वनखात्याला फोन केलाय, हलू नका. मागचं शटर बंद केलंय हे मी पुन्हा वाचलं. म्हणजे आत आता आम्ही आणि तो.

मग शेजारच्या खोलीत पलंगावर काहीतरी पडलं. आमच्यात आणि त्या खोलीत एक प्लायवूडची भिंत होती. ती हलली. तिच्यावर लावलेली चौकट तिरकी झाली. शेजारच्या कपाटावर नखं घासल्याचा आवाज आला आणि मी वर बघितलं. भिंतीच्या वरच्या कडेवर एक पंजा आला. त्याच्या मागून कान, कपाळ आणि डोळे. तो वरून आमच्याकडे बघत होता. मी किंचाळले नाही, कारण श्वासच आत जात नव्हता. मला वाटलं, संपलं. आईचा चेहराबिहरा काही आठवला नाही. त्या पंजाच्या मध्ये अडकलेला तागाचा एक धागा मी बघत राहिले.

पप्पांनी माझी नजर बघून वर पाहिलं.

पुढे जे झालं ते मला नीट आठवतं आणि तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. बिबट्या बघून पप्पांच्या हातातला दांडा खाली आला. त्यांचे खांदे उतरले. जबड्याची थरथर थांबली. चेहरा असा सैल झाला, जणू फार वेळ धरून ठेवलेलं काहीतरी त्यांनी खाली ठेवलं. मला वाटलं, ते घाबरून बधिर झाले. मी त्यांची पँट धरून खाली ओढली. ते माझ्याजवळ गुडघ्यावर बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा तळहात खाली दाबला. थांब. आहेस तिथेच राहा.

पातळ भिंतीला त्याचं वजन पेललं नाही. ती आमच्या बाजूला झुकली तसा तो बिचकला आणि मागे पलीकडे पडला. मग पलंगाखाली सरपटत जाण्याचा आवाज आला. आणि नंतर त्याचा श्वास. हातभर अंतरावर, प्लायवूडच्या पलीकडे, दम लागल्यासारखा भरभर. तोही लपून बसला होता. बाईंनी डोळे मिटले होते ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना. समोरच्या जिन्यावरून हलकी पावलं आली. मॅडमचा मेसेज आला की ते लोक वर येतायत, तुम्ही दार उघडायचं नाही, ते हाक मारतील तेव्हाच. पावलं शेजारच्या खोलीपाशी थांबली. एक गुरगुर झाली, खोल आणि लांब, माझ्या पाठीच्या कण्यातून गेली. त्यानंतर एक बारीक आवाज, फट्. मग पलंग उलटा झाल्यासारखी धडपड, भिंतीवर एक दणका, आणि पुन्हा शांतता. बाहेरची माणसं वाट बघत उभी होती. आम्हीही. शेवटी कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "या ताई, झोपलाय तो."

बाहेर आलो तेव्हा त्याला गालिच्यावर आडवं केलं होतं आणि डोळ्यांवर फडकं टाकलं होतं. वनखात्यातले एक जण म्हणाले की मादी आहे, वयाने लहान आहे, मागच्या गल्लीत लोक मागे लागल्यामुळे घाबरून आत शिरली असणार. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि जीभ बाहेर आली होती.  बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण वर आलेल्या मॅडमना मी विचारलं की फाटलेला गालिचा कुठला, घायपातीचा की तागाचा.

खाली रस्त्यावर ही गर्दी. लोक गाड्यांच्या टपावर चढले होते, सगळ्यांच्या हातात मोबाईल. पिंजऱ्याची गाडी निघाली तशी सगळी डोकी तिकडे वळली. मी मात्र चेहरे बघत होते. एकेक करून, निळे शर्ट, पांढरे शर्ट, हेल्मेट घातलेले. तो यांच्यात आहे का? मध्येच माझं लक्ष पप्पांकडे गेलं. तेही गाडीकडे बघत नव्हते. गर्दीतले चेहरे बघत होते, डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकही न गाळता. आमची नजरानजर झाली. ते कुणाला शोधतायत हे मला कळलं.

मॅडमनी आम्हाला घरी जायला रिक्षा करून दिली. रिक्षाने द्वारकेचा चौक ओलांडला. मग मी पप्पांच्या कानाशी वाकून विचारलं, "तुम्ही दिवा उचललात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? बाहेर कोण आहे?"

"तो आला असं वाटलं," पप्पा म्हणाले, नेहमीच्या आवाजात. रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं.

मी विचारलं नाही, पण त्यांनीच पुढे सांगितलं. मी घरी नीट जेवेनाशी झाले होते, झोपेत दचकायला लागले होते, हे आईने त्यांना सांगितलं होतं. मला विचारलं तर मी काही सांगणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून विहारात जातो असं आईला सांगून ते बसने गंगापूर रोडला यायला लागले. समोरच्या चहाच्या गाडीवर बसायचे. काचेतून सगळं दिसतं. त्यांनी त्याला सोफ्यावर बसलेलं पाहिलं होतं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली मीही त्यांना दिसत होते.

मी म्हटलं, मग आत का नाही आलात.

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. म्हणाले की आत आलो असतो तर हात उचलला गेला असता, आणि वकीलबाईंनी बजावलंय, असं काही झालं तर केस बिघडेल. शिवाय वय झालंय. तो धडधाकट आहे. हात उचलला आणि काहीच झालं नाही तर, याची पण भीती वाटायची.

"आणि वर बिबट्या दिसल्यावर?"

"बरं वाटलं," पप्पा म्हणाले. "म्हटलं, जनावर आहे. कुणीतरी येईल आणि घेऊन जाईल याला."

 नाशिकरोडला उतरताना रिक्षावाल्याने पप्पांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

घरी गेल्यावर मला ताप भरला. तो उतरला तरी आवाजांची भीती काही उतरली नाही. कुणी गोणपाट झटकलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा. कामावर परत गेले त्या दिवशी मी आधी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून त्यांना सगळं सांगितलं, राखाडी सोफ्यावरच्या गृहस्थांबद्दल. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना आठवलं असावं की त्यांनी मला त्याला फोन करायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तू हे आधी सांगायला हवं होतंस, आणि लगेच म्हणाल्या, नाही, तुझं काही चुकलं नाही. दुपारी त्या स्वतः माझ्याबरोबर पोलीस चौकीत आल्या. पप्पाही आले. तिथे त्यांच्या मोठ्या आवाजाचा उपयोग झाला, कारण आमचं म्हणणं सगळ्या चौकीला ऐकू गेलं.

तो त्यानंतर एकदा आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक थोडं होतं. राखाडी सोफा विकला गेला होता म्हणून तो क्षणभर घोटाळला आणि मग एका खुर्चीत बसला. माझ्या पाठीत तीच कळ गेली, बेडरूममध्ये ती गुरगुर ऐकताना गेली होती तशी. पळून वर जावं असं वाटलं. पण वर म्हणजे कुठे, हेही लगेच मनात आलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. 

"काही घ्यायचं असेल तर दाखवते," मी म्हटलं. "नसेल तर उठा. चौकीत तक्रार दिलेली आहे."

तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, बसायलाही बंदी आहे का इथे? माझ्या मागे मॅडम फोन हातात घेऊन उभ्या होत्या. गोडाऊनमधली माणसं जिन्याशी येऊन उभी राहिली होती. त्याने सगळ्यांकडे बघितलं. उठला, शर्ट नीट केला आणि दाराशी जाऊन मागे वळून म्हणाला, "बघतो."

तेवढा एकच शब्द. तो शब्द अजून माझ्याबरोबर आहे. तो स्वतः पुन्हा आलेला नाही, केस चालू आहे, आणि तारखेच्या आदल्या दिवशी मला अजून जेवण जात नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. फक्त आता ती घरातल्या आणि शोरूममधल्या चार माणसांना माहीत आहे.

तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि बाहेर आले. एक जोडपं जेवणाच्या टेबलापाशी थांबलं होतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं की त्यांच्या हॉलमध्ये हे बसेल का, मागून खुर्ची ओढायला जागा उरेल का. मी टेप काढली आणि तिचं टोक त्या बाईंच्या हातात दिलं. पहिलं माप चुकलं म्हणून ते पुन्हा घ्यावं लागलं.